मूळ खाली असतं

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजन समितीने मला 'शाळेने मला काय दिलं' या विषयावर पंधरा मिनिटं बोलायला सांगितलं आहे. माझ्या आधी चौघं याच विषयावर बोलले. संस्कार, शिस्त, मैत्री, डबा हे सगळे मुद्दे संपले. तेव्हा जे उरलं ते मी घेते. शाळेने मला करणी दिली.

हसा, हसा. नववीतही आपण असेच हसलो होतो. फळ्यावर 'करणी' हा शब्द उमटला आणि मागच्या बाकांवरून 'कुणी केली?' असा आवाज आला. तो आवाज कुणाचा होता हे बाईंना आजही ठाऊक असणार, आणि तो गृहस्थ आज पहिल्या रांगेत बसला आहे. पण त्या हसण्यात थोडी भीतीही होती. आपल्यापैकी कितीतरी जणांनी त्याच सुमारास मनाशी ठरवून टाकलं, की गणित आपल्यासाठी नाही. त्यात मुली जास्त होत्या.

हा विषय आज काढायला एक कारण घडलं. दोन महिन्यांपूर्वी आपल्या बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्री साडेदहाला एका मैत्रिणीने लेकीच्या गृहपाठाचा फोटो टाकला. लेक सेमी इंग्रजीत आहे. फोटोखाली तिने लिहिलं होतं, "कुणाला येतंय का? ही म्हणते, आई, तुला नाही येणार, हे इंग्लिशमध्ये आहे." गणितं दोनच होती. पहिलं, ६४ चा २/३ घात 'रॅडिकल फॉर्म'मध्ये लिहा आणि सोपं करा. दुसरं, दोनचं वर्गमूळ गुणिले दोनचं घनमूळ, हे एकाच रॅडिकलमध्ये लिहा. मिनिटभरात हात जोडलेल्या बाहुल्या आल्या, रडक्या बाहुल्या आल्या. एकाने तर 'आमच्या वेळी हे नव्हतं' असंही लिहिलं.

होतं. हेच होतं, आणि याच इमारतीत होतं. आपल्याला ते वेगळ्या नावांनी शिकवलं होतं, एवढंच. एक्स्पोनंट म्हणजे आपला घातांक. बेस म्हणजे पाया. रॅशनल म्हणजे परिमेय, दोन पूर्णांकांच्या गुणोत्तरात मांडता येणारी संख्या. रॅडिकल म्हणजे ते वर्गमुळाचं, घनमुळाचं चिन्ह घालून लिहिलेलं रूप. त्या चिन्हाखालचं मूळ परिमेय संख्येत सुटत नसेल, तर त्याला इंग्रजीत सर्ड म्हणतात आणि आपण करणी म्हणायचो. नऊचं वर्गमूळ तीन येतं, म्हणून ती करणी नाही. दोनचं वर्गमूळ कुठल्याच अपूर्णांकात बसत नाही, म्हणून ती करणी. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला मी वर्गात बसले तेव्हा हे सगळे इंग्रजी शब्द मलाही नवे होते. पण शब्दांच्या मागची वस्तू ओळखीची होती, म्हणून निभावलं.

तर आता दहा मिनिटं आपण पुन्हा नववीत बसू. वही लागणार नाही.

घात म्हणजे काय, हे सगळ्यांना माहीत आहे. पाचचा तिसरा घात म्हणजे तीन पाचांचा गुणाकार. आणि त्याचा मुख्य नियम असा, की पाया तोच असेल तर गुणाकार करताना घातांकांची बेरीज करायची. दहाचा दुसरा घात गुणिले दहाचा तिसरा घात, म्हणजे दहाचा पाचवा घात. शंभर गुणिले हजार, एक लाख. दुकानदारही हिशेब असाच करतो, शून्यं मोजून.

आता प्रश्न येतो, नऊचा १/२ घात म्हणजे काय? अर्धा वेळा गुणायचं? अर्ध्यांदा गुणता येत नाही, आणि इथेच मुलांचा पाय अडकतो. 'मुळात असं काही असतंच का?' ही त्यांची शंका अगदी रास्त आहे. आपल्या बाईंनी याचं उत्तर नियम म्हणून फळ्यावर लिहून टाकलं नाही. त्यांनी विचारलं, "बेरजेचा नियम इथेही चालू ठेवायचा असेल, तर या संख्येला काय व्हावं लागेल?" नऊचा १/२ घात गुणिले नऊचा १/२ घात. घातांकांची बेरीज एक. म्हणजे गुणाकार नऊ. मग अशी कोणती धन संख्या आहे जिला तिनेच गुणलं की नऊ येतात? तीन. म्हणजे नऊचा १/२ घात हे नऊचं वर्गमूळच असायला हवं. दुसरा मार्गच नाही. तसंच आठचा १/३ घात तीनदा घेऊन गुणला की आठ यायला हवेत, म्हणून ते आठचं घनमूळ, दोन.

यात नवीन पाठांतर काही नाही. जुना नियम मोडायचा नाही एवढं ठरवलं, की अर्थ आपोआप ठरतो. शून्य घात एक का असतो, ऋण घातांक म्हणजे एक भागिले ती संख्या का, तेही याच पद्धतीने निघतं. बाईंचं 'काय व्हावं लागेल?' हे वाक्य मी पुढे नोकरीत शेकडो वेळा वापरलं आहे. जुनी प्रणाली चालू ठेवून तिच्यात नवं काही बसवायचं असलं, की पहिला प्रश्न हाच असतो.

आता अंश आणि छेद. ६४ चा २/३ घात. छेदातला तीन सांगतो घनमूळ काढा. अंशातला दोन सांगतो वर्ग करा. कोणता आकडा कशासाठी, यात मुलांचा नेहमी गोंधळ होतो. त्यांना एवढंच सांगा: झाडाचं मूळ खाली असतं. अपूर्णांकातही मूळ खालीच असतं. छेद म्हणजे मूळ, अंश म्हणजे घात. ६४ चं घनमूळ चार, चारचा वर्ग सोळा. झालं गणित. उलट्या क्रमानेही उत्तर तेच येतं. ६४ चा वर्ग ४०९६, त्याचं घनमूळ सोळा. पण ४०९६ चं घनमूळ तोंडी कोण काढणार? म्हणून आधी मूळ, मग घात. संख्या लहान राहतात. घातांक ऋण असेल, तर शेवटी उत्तर उलटं करायचं. ३२ चा उणे ३/५ घात: पाचवं मूळ दोन, त्याचा घन आठ, आणि उणे आहे म्हणून १/८.

दुसऱ्या गणितात खरी गंमत आहे. दोनचं वर्गमूळ गुणिले दोनचं घनमूळ. मुळाच्या चिन्हांकडे बघत बसलं तर काही सुचत नाही, कारण एक वर्गमूळ आणि एक घनमूळ, त्यांची कोटीच वेगळी. पण तेच घातांकात लिहा. दोनचा १/२ घात गुणिले दोनचा १/३ घात. पाया एकच, म्हणून बेरीज: १/२ अधिक १/३, म्हणजे ५/६. दोनचा ५/६ घात. मूळ खाली, म्हणून सहावं मूळ. दोनचा पाचवा घात ३२. उत्तर, ३२ चं सहावं मूळ. अडलेलं गणित पाचवीतल्या अपूर्णांकांच्या बेरजेवर येऊन सुटलं.

म्हणून ही दोन रूपं आहेत. गुणाकार-भागाकार करायचा असेल तेव्हा घातांकाचं रूप सोयीचं, कारण तिथे नुसती बेरीज-वजाबाकी उरते. उत्तर नजरेसमोर आणायचं असेल तेव्हा मुळाचं रूप सोयीचं. ७२ चं वर्गमूळ म्हणजे सहा गुणिले दोनचं वर्गमूळ, असं लिहिलं की साडेआठाच्या आसपास आहे हे लगेच कळतं. एका रूपात अडलं की दुसऱ्यात जायचं, काम करून परत यायचं.

'पण याचा उपयोग काय?' हा प्रश्न आपण तेव्हाही विचारायचो. आता चाळिशी ओलांडल्यावर उत्तर द्यायला हरकत नाही. तीन ठिकाणं सांगते.

पहिलं झेरॉक्सचं दुकान. ए-३ कागदावरचा मजकूर ए-४ वर आणायचा, तर मशीनवर ७१ टक्के दाबतात. ए-४ तर ए-३ च्या बरोबर निम्मा, मग पन्नास का नाही? कारण निम्मं होतं ते क्षेत्रफळ. क्षेत्रफळ निम्मं करायचं तर प्रत्येक बाजू दोनच्या उणे १/२ घाताने गुणायची, म्हणजे एक भागिले दोनचं वर्गमूळ. ते येतं ०.७०७. टक्क्यांत ७१. ए-४ कागद २१० मिलिमीटर रुंद आणि २९७ मिलिमीटर लांब असतो. २९७ ला २१० ने भागा, १.४१४ येईल, दोनचं वर्गमूळ. म्हणून तो मधोमध दुमडला तरी त्याचा आकार तसाच राहतो.

दुसरं, पैसे. 'आठ वर्षांत दामदुप्पट, म्हणजे वर्षाला साडेबारा टक्के!' असं कुणीतरी तुम्हाला नक्की सांगितलं असेल. शंभर भागिले आठ, साडेबारा. ऐकायला ठीक वाटतं. सरळव्याजाने ते खरंही आहे. पण बँकेच्या ठेवीचा दर चक्रवाढीचा असतो, आणि त्याच्याशी तुलना करायची तर दरवर्षी पैसे किती पटीने वाढले ते काढलं पाहिजे. आठ वेळा गुणून दुप्पट करणारी ती संख्या म्हणजे दोनचा १/८ घात, दोनचं आठवं मूळ. यासाठी महागडं यंत्र लागत नाही. किराणा दुकानातल्या साध्या कॅल्क्युलेटरवर वर्गमुळाची कळ असते. दोन दाबा आणि ती कळ तीनदा दाबा. १/२ चा १/२ चा १/२ म्हणजे १/८. उत्तर येतं १.०९०५. म्हणजे वर्षाला नऊ टक्क्यांहून जरासं जास्त. साडेबारा आणि नऊ यांतला फरक तुमच्या खिशातला आहे. निवृत्तीचे पैसे कुठे ठेवावेत असं विचारणारे आईवडील आता आपल्या प्रत्येकाच्या घरी आहेत. त्यांच्यासाठी तरी ही कळ तीनदा दाबून बघा.

तिसरं ठिकाण आकाशात आहे. नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ बारा वर्षांनी येतो, २००३ ला झाला, २०१५ ला झाला. गुरू सिंह राशीत यायला एवढी वर्षं का लागतात? केप्लरने १६१९ मध्ये ग्रहांचा तिसरा नियम छापला. सूर्यापासून ग्रहाचं सरासरी अंतर पृथ्वीच्या किती पट आहे ते घ्या, त्याचा ३/२ घात करा, म्हणजे त्याच्या एका फेरीला किती वर्षं लागतात ते मिळतं. गुरू ५.२ पट लांब आहे. मूळ खाली, घात वर: ५.२ चा घन सुमारे १४०.६, त्याचं वर्गमूळ ११.८६. बारा वर्षांना थोडी कमी. ही थोडी कमी साठत जाते, म्हणून कधीतरी एखादा कुंभ अकराव्या वर्षीच येतो. हरिद्वारला २०१० नंतरचा कुंभ २०२१ ला झाला तो यामुळेच. साडेसाती ज्याच्यामुळे येते तो शनी साडेनऊ पट लांब. त्याचा ३/२ घात तुम्ही घरी करून बघा. त्याला बारा राशींनी भागलं, की एका राशीत शनी अडीच वर्षं का राहतो ते कळेल. अशा तीन राशींची साडेसात वर्षं.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट, कारण ती सांगितल्याशिवाय हा विषय अर्धाच राहील. नोकरीसाठी आलेल्या नव्या मुलामुलींना मी मुलाखतीत विचारते, "उणे आठचा १/३ घात किती?" बहुतेक जण म्हणतात, उणे दोन. उणे आठचं घनमूळ उणे दोन, हे बरोबरच आहे. मग मी त्यांना तेच संगणकावर करायला सांगते. सी किंवा जावा भाषेत घात काढण्याचं जे नेहमीचं फंक्शन असतं, त्यात हे घातलं की उत्तर मिळतं: 'ही संख्या नाही'. मुलं चक्रावतात. कुणी म्हणतं, संगणक बिघडलाय.

संगणक बिघडलेला नसतो. १/३ म्हणजेच २/६, हो ना? मग उणे आठचा २/६ घात काढा. वर्ग ६४, त्याचं सहावं मूळ दोन. अधिक दोन! घातांक तोच, नुसता वेगळ्या रूपात लिहिला, आणि उत्तर उणे दोनचं अधिक दोन झालं. पाया ऋण असला की ही दोन रूपं एकमेकांशी भांडतात. म्हणूनच आपल्या पुस्तकात प्रत्येक नियमाआधी 'पाया धन असेल तर' अशी अट असायची, आणि आपण ती वगळून थेट नियम पाठ करायचो. बाई मात्र अट न लिहिल्याबद्दल अर्धा मार्क कापायच्या. तेव्हा सगळ्यांनाच तो जाच वाटायचा. आज मी उमेदवाराची पारख त्याच अर्ध्या मार्कावर करते. उत्तर उणे दोन सांगितलं की अधिक दोन, याला मी फार महत्त्व देत नाही. 'पायावर काही अट आहे का?' असं जो विचारतो, त्याला मी घेते. ज्या भाषांत घनमुळासाठी वेगळं फंक्शन दिलेलं असतं, ते उणे दोन हेच उत्तर देतं. कुठलं साधन कुठे वापरायचं, हे अट वाचणाऱ्यालाच कळतं.

आता शब्दाबद्दल थोडंसं, आणि मग थांबते. मुळाचं ते चिन्ह १५२५ मध्ये क्रिस्टोफ रुडॉल्फ या जर्मन-भाषक गणित्याच्या पुस्तकात छापलं गेलं. अपूर्णांकी घातांक लिहायची आजची रीत रुळायला त्यानंतर दीडशे वर्षं गेली. न्यूटनने १६७६ मधल्या एका पत्रात वर्गमुळाऐवजी आपण १/२ घातांक लिहितो असं मुद्दाम समजावून सांगितलं आहे. म्हणजे आपल्या लेकरांना दोन रूपांची सांगड घालायला एक आठवडा लागला, तर रागावू नका. आणि आपला हसण्याचा विषय असलेला 'करणी' हा शब्द या सगळ्यांहून जुना आहे. यज्ञवेदी बांधण्याच्या शुल्बसूत्रांत 'द्विकरणी' येते. दिलेल्या चौरसाच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस करून देणारी दोरी, ती द्विकरणी. करते ती करणी. तिची लांबी म्हणजेच दोनचं वर्गमूळ. बौधायनाने दिलेली तिची किंमत आजच्या अपूर्णांकात ५७७/४०८ होते, आणि ती दशांश चिन्हानंतर पाच घरांपर्यंत बरोबर आहे.

आता मागणी. शाळेला भेट काय द्यायची याची चर्चा चालू आहे. कुलर द्या, पंखे द्या, जरूर द्या. त्यासोबत माझी एक सूचना आहे. आठवी ते दहावीच्या गणितातल्या शब्दांची दोन रकान्यांची यादी करू. डावीकडे मराठी, उजवीकडे मुलांच्या पुस्तकातला इंग्रजी शब्द, दोन्ही देवनागरीत वाचता येतील असे. चार पानांत मावेल. ती प्रत्येक मुलाच्या हातात जाईल आणि त्याच्याबरोबर घरी जाईल. ती मी तयार करते. बाईंनी तपासून द्यावी, एवढी त्यांना विनंती. अर्धा मार्क कापला तरी चालेल.

ही यादी मुलांपेक्षा त्यांच्या आयांसाठी आहे. आपल्या वर्गातल्या ज्या मुलींनी नववीत गणित सोडलं, त्यांतल्या बऱ्याच जणींना ते येत होतं. आज त्यांची मुलं त्यांना सांगतात, की तुला नाही येणार. त्यांनी ती यादी समोर ठेवावी, मुलाच्या शेजारी बसावं आणि विचारावं, "नियम मोडायचा नसेल, तर याला काय व्हावं लागेल?" उत्तर दोघांनी मिळून शोधावं. इंग्रजी शब्द मुलाने सांगावा, मराठी आईने. गणित एकच आहे.

फोटोतल्या त्या दोन गणितांची उत्तरं आज भर सभेत दिली आहेत. तिसरं कुणाला अडलं, तर ग्रुपवर टाका. साडेदहानंतरही चालेल.